घेतला तो भाव

पवनारच्या फाट्यावर वर्ध्याच्या मोटरीची वाट पाहता पाहता आनंदाबाईला डुलकी लागली होती. धाम नदीवरून येणारा वारा अंगावरून हात फिरवत होता. निंबाखाली शेजारीच बसलेले म्हातारे नानाजी आणि त्यांचा भाचा वासुदेव यांचं बोलणं तिच्या झोपेत ये-जा करत होतं.

"वासुदेवा, आज ते गिरणीचे शेअर इकूनच टाकजो. दलाल तीन वाजेपर्यंतच बसते."

"घेतल्या भावावर आले का इकतो, नानाजी."

"गिरणी बंद पडाले आली न बाप्पा!"

"चढन भाव. मी घेतले तवा चढूनच राह्यला होता."

"म्हातारा बैल बजारात घेतल्या भावानं जाते काय?"

"बैलाची गोष्ट येगळी."

"काऊन येगळी? तू कितीत घेतलं, हे बैलालेई मालूम नसते अन् गिरणीलेई."

"पन मले तं मालूम हाय ना!"

घुंगरं वाजली. सेलूकडून आलेली एक बैलबंडी थांबली. बंडीवाला म्हणाला,

"वर्ध्याले चाललो. बसा. मोटर तं तिकडं सेलूले बिघडून पडली हाय."

"चाला नानाजी, तीनच्या आत पोचू."

"बस खाली! सकाळपासून वाट पाह्यली, ते का पान्यात घालाची? आता येतच असन मोटर."

वासुदेव बसला. आनंदाबाई पिशवी घेऊन उठली, बंडीपर्यंत गेली, रिकाम्या रस्त्याकडे तिनं एकदा पाहिलं, आणि परत निंबाखाली आली.

"जरा सरका, बाप्पा. मीबी सकाळचीच बसली ना."