पोपटाची सिगरेट

बायको: म्हणजे सिगरेट पोपटाने ओढली.

नवरा: मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर येतो तर खोलीभर धूर, आणि हा पिंजऱ्यात अपराधी चेहरा करून बसलेला.

बायको: अहो, बावीस वर्षं आगीच्या बंबावर काढलीत मी. नुसत्या धुरावरून गादी पेटलीय की वायर, ते सांगते. मला कसल्या थापा मारताय?

नवरा: मग टेबलावर आपली आपणच जळली असेल.

बायको: नुसत्या जळत्या टोकाचा धूर निळसर असतो. कण इतके बारीक, की उजेडातला निळा रंगच जास्त विखुरतात. मी दार उघडलं तेव्हा धूर पांढरा होता.

नवरा: मग?

बायको: मग तो कुणाच्या तरी छातीत जाऊन आलाय. आतल्या ओलीने कण फुगतात, सगळेच रंग सारखे विखुरतात. म्हणून पांढरा.

नवरा: पोपटाला काय छाती नसते?

बायको: असते. लिंबाएवढी.

नवरा: हळूहळू ओढली असेल. चिकाटी फार त्याच्यात.

पोपट: खॉक्, खॉक्. अंहं. खॉक्.

नवरा: घे, ऐक. चोराच्या मनात चांदणं.

बायको: हा खोकला तुमचा आहे. दोन लांब, मधे खाकरणं, मग एक आखूड.

नवरा: उचलला असेल.

बायको: उचललाच. ऑपरेशननंतर तुम्ही तीन आठवडे हॉस्पिटलात होतात ना, तेव्हा हा रोज सकाळी असाच खोकायचा. पहिल्या दिवशी मी धावत बाहेर आले. वाटलं, तुम्हीच आलात.

नवरा: आणि मग?

बायको: दुसऱ्या दिवशीही आले. माहीत असून. रोज आले.

(पोपट पुन्हा तसाच खोकतो. दोघंही त्याच्याकडे बघत नाहीत.)

नवरा: कधी बोलली नाहीस.

बायको: डॉक्टरांसमोर सिगरेट सोडायची शपथ घेतलीत, तेव्हा वाटलं आता कशाला सांगायचं. पोपट खूप वर्षं जगतात म्हणे. उद्या तुमच्या मागे हा राहिला आणि रोज सकाळी खोकत बसला तर? मला भीती वाटते हो.

नवरा: पाकीट पिंजऱ्यात आहे. तळाच्या कागदाखाली.

बायको: म्हणजे पोपटाचंच निघालं.

नवरा: हो. आजपासून सोडली त्याने.