काचेवरची ओळ

सरपंच प्यो : कोट घाला बघू, पाद्रीसाहेब. छावणीचा बँड येऊन बसलाय, तांदळाचा केक सुकतोय आणि तुम्ही आपले खुर्चीला चिकटलेले.

पाद्री मो : मानपत्र पुन्हा वाचा.

सरपंच प्यो : तिसऱ्यांदा? बरं. 'सीमेवरच्या पलटणीत सव्वीस वर्षं पाद्री राहिलेले, निवृत्तीनंतर गावातल्या म्हाताऱ्यांना स्वतः दवाखान्यात नेणारे, सदैव सत्य बोलणारे...'

पाद्री मो : ते 'सदैव सत्य' खोडा.

सरपंच प्यो : काचेवर कोरलंय, साहेब. खोडू कशानं? विनय पुरे झाला. निम्म्या पलटणीनं बाप्तिस्मा घेतलाय तुमच्या हातून.

पाद्री मो : चॉकलेट केक मिळायचा म्हणून. एकानं तर तीनदा घेतला. आणि वर बुद्धविहारातही जाऊन जेवायचा.

सरपंच प्यो : कोण हा बहाद्दर?

पाद्री मो : ग्यू-सॉप.

सरपंच प्यो : दरड कोसळली त्या चौकीवरचा? आपल्या खानावळवाल्या ताकबाईंचा मुलगा? अहो, तुमच्या कोटाला फूल त्याच लावणार आहेत. स्वतः मागून घेतलंय त्यांनी.

पाद्री मो : म्हणूनच नको म्हणतोय. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या दारात निरोप घेऊन मीच गेलो होतो. म्हटलं, क्षणात गेला, त्याला काही कळलंही नाही. तो दोन तास जिवंत होता, सरपंच. मी जवळ होतो.

सरपंच प्यो : आईला तसंच सांगतात. मीही तेच सांगितलं असतं.

पाद्री मो : तुमच्या कोटाला त्या फूल लावत नाहीयेत.

(दार सरकतं. दारात ग्यू-सॉपची आई, हातात फूल आणि टाचणी.)

आई : सरपंच, बँडवाली पोरं कंटाळलीत. त्यांना केक वाटा जा.

सरपंच प्यो : वहिनी, तुम्ही कधीपासून...

आई : दार कागदाचं आहे, सगळं ऐकू येतं. जा तुम्ही.

पाद्री मो : ग्यू-सॉपच्या आई, मी तुम्हाला...

आई : दोन तास ना? त्याच्या चौकीवरच्या जोडीदारानं पहिल्याच वर्षी सांगितलं मला.

पाद्री मो : आणि तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत?

आई : रागावले होते. खोटं बोललात म्हणून नाही हो. क्षणात गेला म्हणालात, म्हणजे तो काही बोललाच नाही असं झालं. माझं पोर दोन तास गप्प बसलं असेल होय? ते शब्द माझे होते, पाद्रीसाहेब. आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून तुम्हाला रोज जेवायला वाढत राहिले.

पाद्री मो : मला क्षमा...

आई : ती नंतर. काय म्हणाला?

पाद्री मो : म्हणाला, 'आईला सांगा, मी पलटणीच्या स्वयंपाकघरात होतो. तिला तसंच कळवलंय मी. चौकीवर आहे म्हणून कळलं तर तिला झोप लागायची नाही.'

आई : स्वयंपाकघरात?

पाद्री मो : दोनदा बजावलं. पण चौकीचं नाव सगळ्या पेपरांत छापून आलं होतं. ते खोटं मला सांगता येईना, म्हणून दुसरं सांगितलं.

आई : उभे राहा. हलू नका, टाचणी टोचेल.

पाद्री मो : काचेवरची ती ओळ मात्र...

आई : असू दे. खरं सांगितलंत, उशीर झाला एवढंच. सुट्टीवर आला होता ना, तेव्हा कांदा चिरायला दिला होता मी त्याला. बोटच कापून घेतलं. तेव्हाच ओळखलं. पण बोलले नाही. म्हटलं, माझी झोप जपतोय, तर जपू दे.