माव्याचा निर्वंश

कीटकनाशकांच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक सासरे आणि त्यांची सून उभे होते.

"सूनबाई, आज गव्हावरच्या माव्याचा मी निर्वंश करणार."

"बाबा, काल ओंब्यांवरचे कोणते किडे वेचून मारलेत?"

"काळे, नारिंगी ठिपक्यांचे. छोट्या मगरीच म्हण ना."

"ती ढालकिड्यांची पिल्लं. मावा खाऊन जगतात ती."

"म्हणजे मी आपलंच सैन्य कापलं?"

"थोडं उरलंय. बांधाकडच्या ओंब्या त्यांनी साफ केल्यात, सकाळीच बघितलं. फवारलंत तर तीही मरतील. थोडे दिवस थांबू, गहू वाचेल."

"आणि मावा वाढला तर?"

"तर पंप मी पाठीवर घेते."

सासरे रांगेतून बाहेर आले.

"किडे वेचले म्हणून तुझ्या सासूने काल लग्नानंतर पहिल्यांदा माझं कौतुक केलं. तिला एवढ्यात काही सांगू नकोस."