पाच आया, पाच फोन आणि माझा माईक

मला वाटलं होतं, आमचं अख्खं नारिन शहर त्या मोठ्या पडद्यापुढे श्वास रोखून बसेल! आणि निघालं काय? पाच आया, पाच फोन, आणि पाचही पाठी माझ्याकडे! तुम्हाला सांगते, तीन वर्षं सोलला राहून मी या संगणकावरच्या लढायांची कॉमेंट्री शिकले, परत आले ती एकाच ध्यासानं, की आपल्या माणसांनी आपल्या किरगिझ भाषेत हा खेळ नीट बघावा; सांस्कृतिक भवनाच्या बाईंच्या विनवण्या केल्या, पडदा टांगला, माईक जोडला... आणि या बायका आमच्या संघात खेळणाऱ्या आपापल्या लेकराचा थेट स्ट्रीम लावून बसल्या! त्यात दिसतं काय? त्याच्या समोरचा टीचभर जंगलाचा तुकडा आणि कोपऱ्यात त्याचं तोंड. अहो, पूर्ण मैदान बघा ना!

"मैदान कसलं बघतेस? माझा वाळलाय किती ते बघ!"

"आणि माझा! कुबड काढून बसलाय मेला."

त्यातून आमच्या शेजारच्या बुरुलकान-एजे, म्हणजे बुरुलकानताई! त्यांची बेगिमाय संघातली एकटीच मुलगी, आणि तिचं काम राखणीचं. दुसऱ्यांना सावरायचं, वाटेवर कंदील लावायचे, वेळ आली की आधी आपण मरायचं. मग फोनवर दिसणार काय? मरणंच!

"बघ, परत मेली! लोकांची पोरं मारतात, माझी नुसती मरते. तिच्या बापाला सांगून आलेय मी, आज काही केलं नाही तर उद्यापासून शिवणाच्या कारखान्यात, माझ्या शेजारच्या मशीनवर."

"एजे, पूर्ण मैदान बघा ना..."

"तू बघ गं. तुला मूल नाही."

आता बोला!

आणि ती शेवटची लढाई! खेळाडू वरच्या खोलीत कोंडलेले, त्यांचे स्ट्रीम थेट. माझ्या पडद्यावरचं चित्र मात्र राजधानीतून फिरून येणार, दोन मिनिटं उशिरा! म्हणजे मी इकडे "कोण जिंकणार?" म्हणून घसा फोडतेय, आणि चार आया उड्या मारतायत, "जिंकलो! जिंकलो!" काय इज्जत राहिली माझी? पण पाचवी? बुरुलकान-एजेंचा फोन करडा पडलेला. करडा म्हणजे मेली. त्यांनी फोन पिशवीत टाकला, रुमाल बांधला, उठल्या.

"एजे, दोनच मिनिटं!"

"काय बघू? चौघं जिंकले, ही मेली. झालं."

सोलला शिकवलं होतं, सगळ्यांशी बोलावं, एकाशी नाही. गेलं ते खड्ड्यात!

"बुरुलकान-एजे, दारात थांबा, पूर्ण मैदान बघा! तो घाट दिसतोय? त्यांचे पाचही जण गड वाचवायला तिथून परततायत, पाच! आपले चौघं गडाचं दार फोडतायत, त्यांना अर्धं मिनिट हवंय, अर्धंच... आणि घाटात कोण उभंय? एकटी! एकाला ढकललं... दुसऱ्याला अडवलं... कंदील विझवला तिनं, अंधारात चाचपडतायत सगळे... अजून दहा सेकंद, बेगिमाय, अजून पाच... पडली! पण दार फुटलं, एजे! तिच्यामुळे फुटलं!"

चारही फोन खाली. बुरुलकान-एजेंचा हात दाराच्या मुठीवर तसाच.

"पाच जण? आणि ही एकटी?"

"एकटी."

त्या दारातून दोन पावलं परत आल्या. मला वाटलं, उमगला, अखेर यांना खेळ उमगला! तर म्हणतात कशा, "आणि सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं गं तिनं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थाप, बुरुलकान-एजे! एका हातात गरम नान, दुसऱ्यात फोन.

"तिच्या बापाला सांगितलं, मशीन काही पळून जात नाही. अकराला सराव आहे त्यांचा. बस इथं, सांग."

"एजे, निदान मोठा पडदा तरी..."

"त्यात सगळ्यांची पोरं दिसतात. मी माझी बघणार. मैदान तू बघ, आणि मला सांग."

काय करणार? ठरवलं. लाखभर श्रोत्यांसाठी कमावलेला आवाज, आजपासून एका आईसाठी. बसले, खाकरले, सुरू केलं, "घाटात तिघं जण दबा धरून..."

"ते राहू दे. आधी सांग, स्वेटर घातलाय का तिनं?"