खोक्यांचं घर

दवाखान्याच्या रांगेत सगळे गप्प होते. माझ्या पिशवीतून डब्याचं झाकण निसटलं आणि खणखणत फरशीवर गरगरलं. लेकीने ते उचललं, तेवढ्यात मागच्या बाकावर बोलणं सुरू झालं. एक बालवाडीच्या बाई होत्या आणि दुसऱ्या आठवडाभर तापाने रजेवर असलेल्या त्यांच्या मदतनीस मावशी.

“बाई, आज येताना बालवाडीत डोकावले, कोपऱ्यातली खोकी दिसली नाहीत.”

“काल साहेब आले होते तपासणीला. म्हणाले, ही बालवाडी आहे की भंगाराचं दुकान?”

“सांगायचं ना, आमच्या चिमुरडीचं घर आहे ते.”

“सांगितलं. वस्तीतलं घर पाडल्यापासून चार महिने ही पोर तोंड उघडत नव्हती. परवा खोक्यातून डोकं काढून मला म्हणाली, ‘बाई, आत या, पण पाय पुसून या.’ तेही सांगितलं.”

“मग?”

“म्हणाले, खेळायचं ते घरी. इथे अक्षरं गिरवून घ्या.”

“घरी म्हणे. घर असतं तर खोकी कशाला लागली असती? आणि ती उचलली कुणी?”

“मी.”

“तुम्ही, बाई?”

“साहेब दारातच उभे होते, मावशी.”

“पोरीच्या देखत?”

“बाजूला उभी राहून बघत होती. रडलीसुद्धा नाही. तेव्हापासून पुन्हा गप्प आहे.”

“उद्या मी दुकानं पालथी घालून नवी खोकी आणते. साहेब आले तर म्हणेन, आधी पाय पुसा.”

लेकीने झाकण माझ्या मांडीवर ठेवलं.

“आई, मग आज ती कुठे राहणार?”