सावलीतली की नदीकाठची

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी तंबूच्या जागांसाठी रांग होती. खिडकीपाशी एक वयस्कर नवरा-बायको, त्यांच्यामागे मी.

खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, तुमच्या दोघांच्या दोन जागा होत्या. दोन्ही काल रद्द झाल्यात."

"दोन? मी तर एकच घेतली होती, सावलीतली."

"अहो, नदीकाठची मी घेतली होती. म्हटलं, दरवर्षीचं भांडण नको, यंदा तुमच्या मनासारखं होऊ दे. म्हणून रद्द केली."

"अगं, मीही तेच केलं!"

"तीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलंत, तेही न सांगता?"

"सांगितलं असतं, तर टोमणा मारला असतास."

"मग आता पाठ कुठे टेकायची?"

"थांब, मला आधी कळू दे. यात चूक कोणाची?"

"काका, दोन्ही जागा पाच मिनिटांत गेल्या. पुढचे या."

मी पावती पुढे केली. खिडकीतल्या माणसाने ती मोठ्याने वाचली, "नदीकाठची. काल दुपारी घेतलेली. बरोबर?"

बाजूला झालेले काका माझ्या खांद्यावरून पावतीत डोकावले.

"तंबूचं तोंड पाण्याकडे करू नका हं. वारा शिरतो."

"काहीतरीच काय, अहो! पाण्याकडेच करा."