दादाच्या मापानं माझे ठोके

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं उठल्या उठल्या काय बघावं? देव? बायको? निदान छत? आणि माझ्या नशिबी काय, तर मनगटावर गुरगुर आणि लाल अक्षरं, 'आज तुम्ही नेहमीसारखे नाही आहात!' अहो, डोळ्यांतली चिपडं पुसायच्या आत!

बरं, घड्याळ माझं नाही हो. दादाचं. माझा थोरला भाऊ. पोहायला शिकवायचा, पन्नाशी उलटली तरी पोट आत, छाती बाहेर. सायकलवरून घरी येत होता, मागून ट्रक आला... हृदय ठणठणीत होतं हो, पण ट्रकवाला थोडाच रिपोर्ट बघून धडकतो! वहिनी रडली नाही. नुसती फोन घेऊन बसायची, कारण दादाच्या ठोक्यांचा आलेख रोज सकाळी तिच्या फोनवर यायचा, आणि आता तिथं कोरी पट्टी. शेवटी घड्याळ माझ्या हातावर ठेवलं, "भावोजी, तुम्ही घाला. आतलं काही बदलू नका. सकाळी काहीतरी येऊ दे." वहिनीला नाही म्हणायची छाती आहे कुणाची?

आणि लागलं पाठीमागे! 'आज तुम्ही नेहमीसारखे नाही आहात.' रोज! दुकानात नेलं, तर तो घड्याळवाला नाकात बोलतो, "काकाऽ, हे दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं. ते कमीजास्त होत राहिलं तर शरीर ताजंतवानं. तुमचं आपलं एकसारखं, टक टक टक. म्हणजे थकलेले आहात." घ्या! जन्मभर सगळे कानीकपाळी ओरडले, वेळ पाळ, वेळ पाळ, आणि हृदयानं पाळली तर तो आजार! म्हटलं, "आणि नेहमीसारखे म्हणजे कुणासारखे रे?" तर म्हणे, "आधी ज्यांनी घातलं त्यांच्यासारखे. पुसून टाकू ते?" हिसकावलंच मी त्याच्या हातातून. पुसतो म्हणे!

म्हणजे बघा, मी झोपणार आणि दादा उशाशी बसून माझी नाडी धरणार! लहानपणी पाढे म्हणून घ्यायचा, अगदी तस्सा. अंधारात घड्याळाच्या पोटातला तो नाडी मोजणारा हिरवा दिवा लुकलुकला की अंगावर काटा यायचा, तुम्हाला सांगतो. मी हळूच म्हणायचो, "दादा, झोप की रे आता..." आणि सकाळी? नापास! वर वहिनीचा फोन, "भावोजी, आज पण लाल? काल काय चापलंत?" दादावर ओरडायची तोच सूर, बरं का.

मग मीही पेटलो. संध्याकाळचा चहा बंद, रात्री पातळ भात, खिडकीशी बसून दीर्घ श्वास, चालणं... बायको म्हणाली, "अहो, गेलेल्या माणसाशी कसली शर्यत लावता?" तिला काय सांगू? एकदा, फक्त एकदा, दादानं 'शाब्बास' म्हणावं असं वाटत होतं हो मला!

आणि एके दिवशी उठलो, तर हिरवं! 'आज तुम्ही अगदी नेहमीसारखे आहात. छान!' मी पलंगावर उभा राहून वहिनीला फोन लावला, "वहिनी, पास झालो!" तर म्हणाली, "भावोजी... हे गेले हो." आणि जी रडायला लागली, तेव्हाची राहिलेली सगळी रडली.

धावत दुकानात गेलो. तर तो नाकातला, "काकाऽ, ते रोज थोडं जुनं विसरतं, थोडं नवं धरतं. आता त्यात सगळे तुम्हीच." ऐकलंत? पुसू दिलं नाही म्हणून मी ऐटीत, आणि रोज रात्री घोरत घोरत मीच पुसत होतो माझ्या भावाला!

मग काय, सोडलं सगळं. चहा ढोसला, तिखट हाणलं, दोन-चार दिवस जागलो. म्हटलं, रागव! थोडे दिवस रागावलं, मग त्याचीही त्याला सवय झाली. आता पुन्हा रोज हिरवं... काय आहे, थोरला भाऊ नसला ना, की माणूस कसाही वागला तरी पासच होतो.